कुणाचा माणूस

पहिल्याच फोनला मी ओळखलं, की हे खोटं हाय. तरी फोन ठिवला न्हाई. कावून, ते सांगतो. पण मधी मधी बोलू नका, माझं डोकं लवकर फिरतं.

मी बद्रीनाथ. माजलगावच्या अंगाला आमचा सहकारी कारखाना हाय, तिथं मी काट्यावर कारकून व्हतो. काटा म्हणजे उसाच्या गाड्या तोलायचा मोठा वजनकाटा. गाडी वर चढली, की आकडा बगायचा, पावती फाडायची, आणि 'बप्पा, काटा बरोबर हाय ना?' म्हणणाऱ्याच्या अंगावर वस्सकन जायचं, एवढं माझं काम. हंगामात तोंडाला दम नसायचा. गाडीवाले, मुकादम, तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारे चिटबॉय, सगळ्यांची भांडणं माझ्या खिडकीत. मी म्हणायचो, कवा एकदा हे माणसांचं गाठोडं माझ्या डोक्यावरून उतरतंय. उतरलं. धरण आटलं, ऊस वाळून गेला, कारखान्याला कुलूप लागलं, आणि कॉलनीतली माणसं एकेक टेंपो भरून निघून गेली. राहिलो मी, आणि दोन घरं सोडून पाण्याच्या पंपावरचा सटवा. सटव्याला ऐकू येत न्हाई. त्याला 'पाणी आलं का' इचारलं, तर तो म्हणतो, 'जेवलो, जेवलो.'

बायको, रुक्मिणी, कारखाना चालू असतानाच गेली. पोरगा चिंचवडला. रविवारी त्याचा फोन येतो. पाणी मिळतंय का, गोळ्या घेता का, ठेवतो. त्याला नावं ठिवत न्हाई मी. त्याचं बी पोट हाय. पण रविवारचा फोन झाला, की सोमवारपासून परत रविवारची वाट बगायची, हे लई वंगाळ काम. एकदा तर भांडायला कुणी न्हाई म्हणून मी रेडिओवर बातम्या देणाऱ्याशी भांडलो.

एकोणीसचा उन्हाळा व्हता. घरी बसून माणूस कुजतो, म्हणून मी काम धुंडत व्हतो. बीडला गेलतो, तवा स्टँडामागल्या नेट-कॅफेवाल्याला म्हणलं, बाबा, कुठं काट्यावर जागा असली तर माझं नाव टाक. त्यानं मोबाइल नंबरासकट टाकलं कुठल्या तरी साइटवर. चार दिवस गेले नसतील, फोन आला.

"बद्रीनाथ सर बोलताय का? अभिनंदन सर! गुजरातमधल्या एका मोठ्या कंपनीत वजनकाटा सुपरवायझर म्हणून तुमची निवड झाली आहे. मी नेहा बोलतेय."

आवाज कोवळा व्हता. मी म्हणलं, "मुलाखत कवा हाय?"

"मुलाखतीची गरज नाही सर. तुमच्या अनुभवावर निवड झालीय."

"मंग माझं नाव कुणी सुचवलं?"

"कुणीच नाही सर. आमच्याकडं ओळख लागत नाही."

तिथंच मला हसू फुटलं. आवं, आमच्याकडं नोकरी म्हणलं, की पहिला सवाल एकच, 'कुणाचा माणूस?' शिक्षण मागून इचारतेत. मला काट्यावर बसवलं ते संचालक मोहनरावांनी, कावून की माझा बाप निवडणुकीला त्यांच्या पॅनलसाठी घरोघर हिंडला व्हता. गेटवरचा वॉचमन दुसऱ्या संचालकाचा, सुंदररावांचा माणूस, पाणी पाजणारी बायनाबाई बी सुंदररावांचीच. चेअरमन बदलला, की अर्ध्या खुर्च्या बदलायच्या. त्यात चांगलं काही न्हाई, मला ठाव हाय. पण जिथं दुष्काळात सरकारी चारा छावणीत म्हैस बांधायची म्हणलं तरी कुणाची म्हैस हे इचारतेत, तिथं परक्या मुलखातली कंपनी मला न बगता सुपरवायझर करणार? म्हणलं, ही पक्की चारशेवीस हाय.

पुढं सगळं ठरल्यापरमाणं आलं. नोंदणीची फी भरा सर, आजच भरा सर, संध्याकाळी लिस्ट बंद होते सर, ती फी पहिल्या पगारात परत मिळते सर. आता शहाणा माणूस काय करील? शिव्या घालील आणि फोन ठिवील. मला शिव्या येतेत, लई चांगल्या येतेत. पण त्या दिशी सकाळपून माझ्या कानावर माणसाचा शब्द पडला नव्हता. मी म्हणलं, "पोरी, आज बँकेचं नेट बंद हाय. उद्या लाव."

तिनं उद्या लावला.

मंग ते रोजचंच झालं. सकाळची उन्हं तापायच्या आत तिचा फोन यायचा. मी कधी म्हणायचो पासबुक सापडंना, कधी म्हणायचो मॅनेजर रजेवर हाय. ती म्हणायची, "सर, मग कधी भरताय?" आणि मी दुसरंच काहीतरी काढायचो. गाडीवाले उसाच्या मोळ्यांत धोंडे कसे लपवायचे, ते सांगितलं. एकानं गाडीखाली पोरगं लटकवलं व्हतं वजन वाढवायला, ते सांगितलं, तवा ती इतकी हसली, की मागून कुणीतरी तिला दटावलं. मी सकाळी उठून दाढी करायला लागलो. फोनवर दाढी कुणाला दिसती? पण करायचो. रुक्मिणी असती, तर म्हणली असती, म्हातारपणी ह्याला काय झालंय!

एका सकाळी बोलता बोलता बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. मी म्हणलं, "थांब, टँकर आला."

"आगं बाई, जावा मंग! आदी घागरी लावा, नंबर हुकला की दोन दिस तसंच राहावं लागतं," ती म्हणली.

मी जागचा हललो न्हाई. म्हणलं, "नेहा मॅडम, कुठली गं तू?"

परत ते गुळगुळीत बोलणं, "कंपनीच्या नियमात नाही सर, वैयक्तिक सांगता येत नाही," आणि फोन कट. त्या दिशी माझा टँकर बी गेला आणि फोन बी गेला.

दुसऱ्या दिशी फोन न्हाई. तिसऱ्या दिशी न्हाई. मी मोबाइल हातात घिऊन ओट्यावर बसायचो. सटवा येऊन बाजूला बसायचा, त्याच्या बिड्या वढायचा. म्हणलं, म्हाताऱ्या, हातानं घालवलंस. एवढं एक माणूस बोलत व्हतं, त्याला कुठली म्हणून इचारायची काय नड व्हती? हाय की न्हाई माझ्या जिभेला हाड?

मंग एका दुपारी फोन वाजला. नंबर येगळा व्हता. आवाज तोच, पण दबका. पाठीमागं कुठं तरी नळाचं पाणी चालू केलेलं व्हतं.

"काका, पैसे भरू नका. हे काही खरं न्हाई. कंपनी बिंपनी कायच न्हाई. तुमी लई साधे हाईत, म्हणून सांगते."

ह्या पोरीला मी चारशेवीस म्हणलो व्हतो. मी म्हणलं, "मला ठाव हाय."

"कवापासून?"

"पहिल्या फोनापासून."

ती अशी उसळली, की मला मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. "मंग मला कावून झुलवलं? तुमचं आज हुईल, उद्या हुईल म्हणून मी साहेबाला सांगत राहिले. तुमच्यापाई रोज बोलणी खाल्ली मी. सगळ्यांसमोर उभी केली मला! काय मिळालं तुमाला?"

दुसरं कुणी असतं, तर मी चढ्या आवाजात उत्तर दिलं असतं. पण खरंच तोंडात आलं. म्हणलं, "पोरी, मला बोलायला कुणीच न्हाई गं. म्हणून."

उभ्या जन्मात मी असं कुणापुढं बोललो नव्हतो. पोटच्या पोरापुढं न्हाई. ती फोन ठिवील, असं वाटलं. तिनं ठिवला न्हाई. नळाचा आवाज येत राहिला, आणि मंग ती म्हणली, "मला बी न्हाई."

तिचं नाव सत्यभामा. गाव वडवणीच्या अंगाला. आई-बाप दर साली ऊसतोडीला जाणारे, आता जनावरं घिऊन छावणीत बसलेले. पोरगी डीएड झालेली. बीडात एक क्लासवाला हाय, त्यानं तिला सांगितलं, पुण्याकडं बँकेच्या ऑफिसात जागा हाय, राहायची सोय हाय. गेली, तर एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दहा-बारा पोरी, कानाला हेडफोन, आणि समोर कागद, 'अभिनंदन सर'. मूळ मार्कशीटा साहेबानं पहिल्याच दिशी कपाटात घातल्या. पगार पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात.

मी तापलो. "अगं, शिकलेली पोरगी तू! मूळ कागद कुणी देतं का? संशय कसा आला न्हाई तुला?"

"शाळेच्या संस्थेत बी आदी कागदं जमा करून घेतेतच की काका. त्यावरून तर मला खरं वाटलं. आणि दुसरं सांगू का? डीएड झाल्यावर मी गावोगावच्या शाळांत गेलते. सगळीकडं एकच, तू कुणाची? कुणाची सांगू? माझ्या बापाला मुकादमाशिवाय कोण ओळखतं? ह्या लोकांनी पहिल्यांदा मला ते इचारलं न्हाई. म्हणले, आमच्याकडं ओळख लागत न्हाई. मला इतकं बरं वाटलं काका. वाटलं, एक तरी जागा अशी हाय."

ज्या गोष्टीला मी हसलो, तिच्यावरच ही पोरगी भुलली व्हती. मला मोहनराव व्हते, म्हणून मला हसता आलं.

"मंग घरी कावून जाईनास?"

"बापानं छावणीभर पेढे वाटले काका. आता कोणत्या तोंडानं जाऊ? आणि कागदं त्यांच्याकडं हाईत."

त्यानंतर ती रोज दुपारी मोरीत जाऊन नळ सोडून फोन करायची. मला आता तिला तिथून काढायचं व्हतं. दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हणलं, कागदं जाऊ दे चुलीत. हरवले म्हणून ठाण्यात लिहून द्यायचं, बोर्डातून आणि कॉलेजातून दुसरी प्रत निघती. तुझी वर्षं कुठल्या बोर्डातून निघायची? आणि पेढ्याचं म्हणशील, तर लोकं पेढा खातेत आणि दुसऱ्या दिशी इसरतेत. ती हसायची, पण निघायचं नाव घेत नव्हती.

मंग तिला शिकवायला लागलो. म्हणलं, ह्याच्यापुढं काम शोधशील, तवा आदी ऑफिस डोळ्यांनी बगायचं. तिथं जुनं काम करणाऱ्या एखाद्या बाईला एकटीला गाठून इचारायचं, बाई, पगार मिळतो का? नोकरी देतो म्हणून जो तुझ्याकडंच पैसे मागतो, त्याला तिथंच रामराम. आजच्या आज ठरव म्हणतो, त्याला बी. फोनवर गोड बोलणाऱ्या, कधी तोंड न बगितलेल्या माणसाच्या शब्दावर परक्या गावाला उतरायचं न्हाई. घरात इचारल्याबिगर तर मुळीच न्हाई. ती "हूं, हूं" करत ऐकायची. मास्तर झाल्यासारखं वाटायचं मला.

शेवटी एका दुपारी तीच म्हणली, "काका, उद्या साहेब बाहेरगावी हाय. सकाळच्या एसटीनं निघते." पण भ्या एका गोष्टीचं व्हतं. तो क्लासवाला बीडच्या स्टँडावरच पडीक असतो. त्यानं बगितलं, तर?

मी म्हणलं, "बीडला उतरूच नको. अलीकडं मांजरसुंब्याला उतर. तिथं धाब्यापाशी मी उभा असतो. पांढरी टोपी, हातात कारखान्याची निळी पिशवी. घरी आदी कळवू नको, मीच जीप करून तुला गावाला सोडतो."

ती म्हणली, "बरं."

खरं सांगतो, त्या दिशी मी घर झाडलं. रुक्मिणीच्या खोलीतलं गाठोडं काढलं, चादर झटकली. म्हणलं, पोरगी दमून यील, लगेच छावणीत कुठं जायची? दोन दिस राहील आपल्याकडं. पिठलं-भाकरी मला येती. मोहनरावांकडं घिऊन जाऊ, म्हणू, हे माझं माणूस, हिला कुठल्या तरी शाळेत चिकटवा. सटव्याच्या कानात वरडून सांगितलं, पुतणी येणार हाय म्हणून. तो म्हणला, "जेवलो की." चिडलो न्हाई मी.

मांजरसुंब्याला लई लौकर पोचलो. धाब्याचा मालक भगवानराव, बोलका माणूस. "कुणाची वाट बगता?" म्हणला. "पुतणी येतीय पुण्याहून," मी सांगितलं. "जेवायचं थांबतो, बरोबरच जेवू." त्यानं खाट सावलीत वढून दिली. ट्रक थांबत व्हते, जात व्हते. पाटोद्याकडून पुण्याची गाडी आली, की मी उठून उभा राहायचो.

आणि बसल्या बसल्या एकदम डोक्यात उजेड पडला. म्हणलं, बद्रीनाथा, तू काय सांगितलंस त्या पोरीला? घरच्यांना न कळवता ये. स्टँडावर उतरू नको, अलीकडं धाब्यावर उतर. मी जीप घिऊन उभा असतो. आणि सांगणारा कोण? तिनं ज्याचं तोंड बगितलं न्हाई असा एकटा म्हातारा, जो पहिल्या दिवसापून तिच्याशी खोटं बोलला. पेपरात ज्या बातम्या येतेत, त्या अशाच सुरू व्हतेत. माझ्या मनात पाप नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. पण मी झाडलेली ती खोली माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि कुणासाठी झाडली व्हती, तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते मला काही सांगता यीना.

फोन करून सांगावं म्हणलं, तर तिच्याकडं फोन कुठं व्हता? ऑफिसातल्या एका पोरीच्या फोनवरून ती बोलायची.

तेवढ्यात गाडी आली. धुरळा उडवत धाब्यापुढं थांबली. दोन बाया उतरल्या, एक गडी उतरला, कोंबड्यांची पाटी उतरली. मी टोपी नीट केली, पिशवी वर धरली. मधल्या खिडकीत एक पोरगी व्हती, वढणीनं सगळं तोंड बांधलेली, नुसते डोळे उघडे. ती माझ्याकडं बगत व्हती. टोपीकडं बगितलं, पिशवीकडं बगितलं, परत तोंडाकडं बगितलं. मी हात वर केला. तिचा हात खिडकीच्या गजावर व्हता, तो तिनं आत घेतला. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी बीडच्या रस्त्याला लागली, आणि मी हात तसाच वर धरून उभा.

"आली न्हाई का पुतणी?" भगवानराव म्हणला.

"मागच्या गाडीनं यील," मी म्हणलं.

खाटेवर येऊन बसलो. राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं केलं हिच्यासाठी, आणि ही मला चोर समजती? एका घडीला असं वाटलं, आणि दुसऱ्या घडीला वाटलं, शाब्बास गं वाघिणी. कितीतरी वेळ असंच चाललं व्हतं माझं. मंग फोन वाजला.

"काका, सत्यभामा बोलते. बीडला हाय मी. सकाळी निघायच्या आदी छावणीतल्या एका माणसाच्या फोनवर आईला सांगितलं व्हतं. आई आली हाय स्टँडावर, मामा बी हाय. तो क्लासवाला दिसला, पण मामाला बगून सटकला." तिचा श्वास लागला व्हता. "काका, मी उतरले न्हाई. तुमाला बगितलं मी. तुमी चांगले दिसलात. पण मला उतरू वाटलं न्हाई. राग आला का?"

"ब्येस केलंस," मी म्हणलं. "लई ब्येस केलंस. आईला का बरं न्हाई सांगायचं, आईलाच सांगायचं असतं. माझंच चुकलं."

पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, 'कोण हाय गं? कोण हाय ते?' सत्यभामानं फोनवर हात ठिवला असावा, मला नुसतं गुणगुण ऐकू आलं. मंग ती परत बोलली, हळू. "काका, हा फोन छावणीतल्या शेजाऱ्याचा हाय, आई घिऊन आलीय. ह्याच्यावर परत लावू नका हं. आई इचारती, कोण, कुठले. मला सांगता यीना."

"न्हाई लावत," मी म्हणलं. "सुखानं जा."

फोन कट झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबंना. भगवानराव गल्ल्यावरून माझ्याकडंच बगत व्हता. मी मोबाइल कानाला तसाच दाबून धरला.

"हां पोरी," मी म्हणलं. "बीडला उतरलीस का? बरं, बरं. आईला घिऊन घरी जा तू. न्हाई न्हाई, मी कशाला रागावतो? माझं काय, मी आपला बसलोय गार सावलीत. चार माणसं हाईत इथं. उद्या लावशील ना? लाव, लाव."

भगवानराव ऐकत व्हता, म्हणून मी बराच वेळ बोलत राहिलो.